यंत्र जागं होण्याआधीचं कुलूप

३ मार्च

आधी चष्मा शोध. डोक्यावर हात लावून बघ. तिथे नसेल तर फ्रिज उघड, मागच्या खेपेला लोण्याशेजारी सापडला होता. सापडला? आता बस आणि वाच, आणि कशाला बसलीस ते मध्येच विसरू नकोस.

लेकी, तू परवा मला फोन केलास आणि मलाच विचारलंस, "आई, मी कशाला फोन केला होता गं?" तेव्हाच ठरवलं की तुझ्यासाठी सगळं लिहून ठेवायचं. ही रोजनिशी खासगी आहे. पुरी झाली की तुला एकदम पाठवीन, तोवर कुणी वाचायची नाही. मला अक्षर येत नाही, म्हणून मी बोलते आणि तुझी पोर, भिंगरी, टंकते. तिला सवय आहे. डॉक्टर आपापलं बोलून ठेवतात आणि ही घरी बसून ते ऐकून लिहून काढते, तीच तिची नोकरी. म्हणते, "आजी, तुझं सोपं जातं. आजार कमी, टोमणे जास्त."

दोन महिने झाले तिला इथे येऊन. दोन बॅगा आणि ती संगणकाची पेटी. नवऱ्याशी पटत नाही, एवढंच सांगते. आता तूच सांग, तो मारत नाही, पीत नाही, आवाज चढवत नाही. माझा फोन बिघडला की तोच दुरुस्त करतो. मग न पटायला उरलं काय? मी विचारलं की ही ताटं उचलायला लागते. इतकी ताटं आपल्या घरात कधी घासली गेली नव्हती.

आजचा नवा विषय म्हणजे कुलूप. यंत्राला म्हणे उठताना दोनदा जाग येते. पहिली जाग अर्धवट, काळ्या-निळ्या पडद्याची. हातपाय जागेवर आहेत का ते बघायचं आणि कुणाचं ऐकून उठायचं ते ठरवायचं. त्याला बायोस म्हणतात. मग दुसरी जाग, तिथे चित्र येतं आणि पासवर्ड विचारतात. तो पासवर्ड भिंगरीने घातलेलाच आहे. आता तिला पहिल्या जागेलाही घालायचाय. मी म्हटलं, झोपेत बडबडणाऱ्याच्या तोंडाला कुलूप लावण्यातला प्रकार. ती हसली नाही.

५ मार्च

जेवताना मामाशी तिचं वाजलं. (सगळं घर त्याला मामा म्हणतं, म्हणून मीही म्हणते, नाहीतर माझा तो मुलगा.) तुला आठवण करून देते, तो लिफ्ट दुरुस्त करतो.

"भिंगरे, पासवर्ड विसरलीस तर?"

"नाही विसरणार."

"तुझ्या आईची मुलगी आहेस तू."

राग धरू नकोस, तो म्हणाला ते लिहितेय.

मग त्याने आपलं लिफ्टपुराण लावलं. प्रत्येक लिफ्टला बाहेरून उघडायची एक किल्ली असतेच. आत अडकलेल्या माणसाला स्वतःची सुटका करता येत नाही, म्हणून. जे दार एकाच माणसाला उघडता येतं, ते बसवायचं नाही, हा त्याच्या कामातला पहिला धडा. "आणि घरात कुलूप कुणापासून? माझ्यापासून की आईपासून?"

"अडकणं वेगळं मामा," भिंगरी म्हणाली. "आपण आत धड उभे असताना कुणीतरी सारखं दार उघडून बघतंय, हे वेगळं."

"कोण बघतंय?"

ताटं उचलली गेली.

मी मामाच्या बाजूने आहे. लपवायचं असेल तर खुशाल लपवावं, पण कुलूप लावून गावाला सांगू नये. आता बघ, डॉक्टरांनी माझी साखर बंद केली. शिवणाच्या पेटीत बटणांचा डबा आहे, त्याच्या तळाशी मी खडीसाखर ठेवते. कुणाला कळलं आजवर? डब्याला कुलूप घातलं असतं तर मामाने पहिल्याच दिवशी विचारलं असतं. हे तुलाही आत्ताच कळतंय आणि भिंगरीलाही आत्ताच. बोटं थांबली बघ तिची.

(आजी, मामाला सांगणार नाही. पण उद्यापासून डब्यात फक्त बटणं असतील. — भिंगरी)

अशी ही खासगी रोजनिशी.

तिला मोठ्या रुग्णालयात कागदपत्रांच्या विभागात मुलाखतीला बोलावलंय, पुढच्या आठवड्यात. राहायला खोलीही देतात. देव करो आणि यंदा तरी होवो. गेल्या वर्षी तीन ठिकाणांहून बोलावणी आली आणि तिन्ही मागे फिरली. नशीबच म्हणायचं. पोरीच्या पत्रिकेत काहीतरी आडवं बसलंय.

९ मार्च, रविवार

जावईबापू येऊन गेले. भिंगरी भाजी आणायला गेली होती. ती नसतानाच नेमके येतात, त्यालाही योग लागतो. फळं आणली होती. माझ्या फोनचा आवाज मोठा करून दिला. "आजी, ती रागावलीये, पण मी वाट बघीन," म्हणाले. मी म्हटलं, येईल ती. 

आणखी एक गंमत आहे, पण ती भिंगरीला सांगायची नाही असं ठरलंय, आणि टंकणारी तीच. तेव्हा इथेच थांबते. काय चाललंय ते तिला कळू नये म्हणून मी उगाच खोकतेय, असं ती म्हणते. तसंच आहे.

१३ मार्च

पोर सकाळी नवा सदरा घालून रुग्णालयात गेली आणि दुपारच्या आत परत. तिथल्या बाईंनी रजिस्टर उघडून दाखवलं. म्हणाल्या, "तुम्हीच कळवलंत की येणार नाही. कारणही लिहिलंय, तब्येत नाजूक आहे, ताण सोसत नाही." भिंगरी म्हणाली, मी लिहिलं नाही. बाई म्हणाल्या, तुमच्याच ई-मेलच्या पत्त्यावरून आलंय.

मी आपलं हलकं करायला म्हटलं, "आईवर गेलीस गं. लिहिलं असशील आणि विसरली असशील."

 ती म्हणाली, "तिकडे त्याच्याकडे असताना मलाही असंच वाटायला लागलं होतं, आजी."

तिचं तोंड बघवेना, म्हणून मी ती गंमत सांगूनच टाकली. म्हटलं, तुझा नवरा वाईट नाही गं. रविवारी बोटाएवढी एक काडी घेऊन आला होता. तुझ्या पेटीला लावली. मग काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं, मुंग्यांची रांग जावी तशी. मी विचारलं हे काय, तर म्हणाला, आजी, यंत्राला अंघोळ घालतोय, आतून चकचकीत होईल. तिला सांगू नका, आपोआप वेग जाणवू दे.

टंकणं थांबलं.

"पासवर्ड विचारला त्याला यंत्राने?"

"छे. त्याच्या काडीचं ऐकून उठलं ते."

उठून गेली. तोंड धुऊन आली. केस पुढून ओले होते. म्हणाली, "सांग पुढे."

पुढे काही नाही. कुणाचं भलं करायला जावं तर हे असं.

१५ मार्च

संगणकाच्या दुकानातल्या ताईंना घरी बोलावलं. दुकान त्यांचं, मालकही त्याच, बोलणं सरळ. भिंगरीने त्यांना काय सांगितलं ते मला ऐकू आलं नाही, दोघी बाल्कनीत होत्या. आत आल्या तेव्हा ताईंच्या ओठांची रेघ झालेली.

मामाने आपला लिफ्टचा मुद्दा काढला. ताईंनी तो उडवून लावला नाही, हे मला आवडलं. म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. बहुतेक घरांना मी हेच सांगते, नका घालू. लोक एकदा आत जातात, पासवर्ड घालतात, दोन वर्षं तिकडे फिरकत नाहीत, आणि गरज पडते तेव्हा मुलाचं नाव की गाडीचा नंबर, हेही आठवत नाही. पण इथे कुणीतरी स्वतःची काडी लावून यंत्र उठवतंय. दुसऱ्या दाराचा पासवर्ड त्याला लागलाच नाही, तो त्या दाराने आलाच नाही."

"मग पहिलं कुलूप घातलं की झालं?" मामाने विचारलं.

"नाही. तेवढंच घातलं तर आतली डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडता येते. म्हणून डिस्कवरचं सगळं कुलूपबंद करायचं, बाहेरच्या काडीवरून उठणं बंद करायचं, ते कुणी परत चालू करू नये म्हणून बायोसला पासवर्ड, आणि सुरू होतानाही विचारेल असं करायचं. आणि खरं सांगते, ही पेटी आहे. पेच काढून आतली बटणाएवढी बॅटरी काढली तर हा पासवर्ड बहुधा पुसला जाईल. पण मग तो विचारणारच नाही, घड्याळही चुकलेलं असेल. कुणी हात लावला हे तरी हिला कळेल."

भिंगरी म्हणाली, "मला तेवढं पुष्कळ आहे. मला वेड लागलं नाहीये, एवढं कळलं तरी."

 मामा हळूच म्हणाला, "घाल. पण दुसरी किल्ली कुणाकडे तरी दे. आमच्यात लिफ्टच्या शाफ्टचं, म्हणजे त्या खोल विहिरीचं दार एकट्याने उघडत नाहीत."

कुणाकडे? मामा कागदावर लिहून फ्रिजला चिकटवील, तुझा तर प्रश्नच नाही. म्हणून माझ्याकडे. भिंगरीने कानात सांगितलं. ते एक आख्खं वाक्य आहे, चांगलं लांब. मला पाठ झालं, पण यंत्रावर दाबता येणार नाही. मामाला दाबता येईल, पण त्याला ठाऊक नाही. शब्द माझ्याकडे, बोट त्याच्याकडे. वाक्य इथे सांगत नाही, उगाच डोळे बारीक करू नकोस.

बाकी हे सगळं कशासाठी, मला अजून नीट समजलेलं नाही. नवऱ्याने बायकोचं यंत्र उघडलं, एवढंच ना? आमच्या वेळी नवरे ट्रंका उघडायचे.

१८ मार्च

काल भिंगरी पुन्हा रुग्णालयात गेली आणि समोर बसून सगळं सांगून आली. त्यांनी पंचवीस तारीख दिलीये. आता निरोप फोनवर, तोही मामाच्या.

मला दोन दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाही. तुझे बाबा कामावर लांब असायचे आणि पत्र पाठवायचे. ती पत्रं शेजारची मास्तरीण वाचून दाखवायची. तिने आधी मनात वाचायचं, गालात हसायचं, मग मला सांगायचं. उत्तर लिहायलाही तीच. मी कधी "तुमची आठवण येते" म्हटलं नाही. म्हटलं, "दूधवाला बदलला." बाबांना वाटायचं, मी कोरडी. चांगले होते स्वभावाने, पण शेवटपर्यंत त्यांना तसंच वाटलं असणार.

तेव्हा माझ्या मनात हे आलंही नव्हतं की मास्तरीण खोलीत नसती तर मी काही वेगळं बोलले असते. खासगी म्हणजे लपवायचं, एवढंच मला ठाऊक. भिंगरीला विचारलं, "मी तुला सांगते तेही तू ऐकतेसच ना?"

"हो. पण मी इथे आहे हे तुला ठाऊक आहे, आजी."

हे मी तिला पुन्हा टंकायला लावलं. मी इथे आहे हे तुला ठाऊक आहे.

२३ मार्च, रविवार

आज सगळं एका दमात सांगते, भिंगरी टंकतेय.

मामाला कुठेतरी अडकलेली लिफ्ट सोडवायला बोलावलं. भिंगरी शिंप्याकडे. आणि बेल वाजली, दारात जावईबापू. योग म्हणाले होते ना मी? आज मनात आलं, योग इतका वेळेवर येत नाही. खाली उभा राहून बघत असेल तरच येतो.

फळं, गोड बोलणं, माझा गुडघा कसा आहे. मग पेटी चालू केली. पडद्याने विचारलं.

"आजी, हे काय नवीन?"

"कुलूप."

"कुणापासून?"

"मामाही हेच विचारत होता."

"तुम्हाला माहितीये पासवर्ड?"

"आहे की!" म्हटलं मी. माझी मेली हौस. घरात पहिल्यांदाच काहीतरी मला ठाऊक होतं आणि शिकलेल्यांना नव्हतं.

तो माझ्या खुर्चीशी खाली बसला. म्हणाला, यंत्र आजारी आहे, मी नीट केलं की ती खूश होईल, घरी येईल. मोडलेला संसार तुमच्या एका शब्दाने जुळेल. खोटं कशाला बोलू, वाक्याचा पहिला शब्द माझ्या ओठांवर आला होता.

तेवढ्यात त्याने खिशातून पुडी काढली. "आणि ही तुमच्यासाठी. बटणांच्या डब्यात ठेवा. मामांना कळणार नाही."

खडीसाखर होती.

लेकी, तो डबा मी कुणाला सांगितला? भिंगरीला. ती त्याच्याशी दोन महिने बोललेली नाही. आणि या रोजनिशीला. म्हणजे तो इथे आत येऊन बसला होता. तू, मी आणि तुझी पोर बोलत होतो तेव्हा हा पलीकडे बसून गालात हसत होता. आणि मुलाखत कधी, कुठे, तेही मीच सांगितलं होतं, त्याच पानावर. पोरीच्या पत्रिकेत आडवं कोण बसलंय ते मला एका पुडीत कळलं.

मी म्हटलं, "लिहा बापू. दुधीभोपळा."

लिहिलं. नाही उघडलं.

"मग पडवळ असेल."

नाही उघडलं.

"आजी, नीट आठवा."

"वय झालं हो. कारलं लिहून बघा."

यंत्राने तोंड मिटलं ते मिटलंच. तो उठला. म्हणाला, "मामांचा पेचकस कुठे असतो?" आवाज तसाच, साखरेत घोळलेला. राग असता तर मी भ्याले नसते. त्याच्या तोंडावर राग नव्हताच, तो फक्त पेटीचे पेच बघत होता. मी तिथे नसल्यासारखा.

मी खुर्ची पुढे ओढली आणि दोन्ही पाय पेटीवर ठेवले.

"आजी, पाय काढा."

"गुडघा दुखतो. तुम्हीच विचारलंत ना मघाशी? काढायचे तर हाताने धरून काढा, माझ्याच्याने हलत नाहीत."

तो उभा राहिला. मीही तशीच. म्हणजे बसलेली. बाहेर लिफ्टची घरघर आली, कुणाची होती कोण जाणे, मी म्हटलं, "मामा आला." तो गेला. जिन्याने.

पुडी ठेवून गेला. मी ती खाल्ली नाही. यावरून काय ते समज.

२४ मार्च

काल टंकता टंकताच भिंगरीने सगळं ऐकलं. ती रडेल असं वाटलं होतं. तिने विचारलं, "दुधीभोपळा त्याने खरंच टंकलं?" आणि इतकी हसली की मामा ब्रश तोंडात घेऊन बघायला आला. मग रडली.

म्हणाली, "तो काही करतोय हे मला माहीत होतं, पण सांगायचं काय? माझ्या नवऱ्याला माझ्या मनातलं आधीच कळतं म्हणून? लोक म्हणाले असते, भाग्यवान आहेस."

मी म्हणाले असते, लेकी. मी म्हणतच होते.

मामाने पेटी स्वतःच्या खोलीत नेली आणि मुख्य दाराचं कुलूप बदललं. मला विचारलं, "आई, त्याच्यासाठी दार उघडशील?" मी म्हटलं, आतून विचारीन, कोण आहे. तो म्हणाला, "तेवढं बास."

२६ मार्च

नोकरी लागली. पहिल्यांदाच बोलावणं आलं आणि मागे फिरलं नाही.

३ एप्रिल

आज मामा लिहितोय, कामाच्या वहीच्या मागच्या पानांवर. अक्षर वाईट आहे, शुद्धलेखन त्याहून. भिंगरी पेटी घेऊन गेली, रुग्णालयाच्या दुसऱ्या शाखेत, जी जावयाला ठाऊक नाही. खोली तिसऱ्या मजल्यावर, खिडकीतून झाड दिसतं, पाळी रात्रीची. निघताना पुन्हा माझ्या कानाशी आली. मी म्हटलं, वाक्य पाठ आहे गं. ती म्हणाली, "ते बदललं, आजी. नवं सांगते." अजूनही दुसरी किल्ली माझ्याकडेच. एवढा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

आता तुझ्याबद्दल. काल तू फोनवर म्हणालीस की जावई रोज विचारपूस करतो, किती काळजी आहे त्याला, पोरीचा पत्ता मागत होता. ही सगळी पानं आधी वाच, मग पुन्हा वाच. रागाने काही बोलू नकोस त्याला. मुलगी कुठे आहे ते मला माहीत नाही, असं सांग. ते खोटं पडू नये म्हणून पत्ता मी तुलाही देत नाहीये. रडू येईल तुला, ठाऊक आहे. मामाचंही पेन थांबलंय. पण देत नाही.

खाऊ पाठवायचा असेल तर इथे माझ्या नावाने पाठव, मामा शनिवारी स्वतः नेऊन देईल. ओलं काही नको, तिच्या खोलीत फ्रिज नाही. खजूर पाठव, बिया काढलेला. शेंगदाणे भाजून, सोलून पाठव, म्हणजे रात्री टंकताना तिला एका हाताने खाता येतील. आणि मीठ कमी घाल.